पट्टी एकच पान, क्वेऱ्या २५१: हायबरनेट आणि पोस्टग्रेसचा मेळ बसत नाहीये

गोल्टी_भाव (वाशी)

मंडळी, एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या आडत्यांसाठी हिशेबाची सिस्टिम आहे. जावातलं स्प्रिंग बूट, हायबरनेट ६ (जावाचे क्लास आणि डेटाबेसची टेबलं जोडणारं साधन, म्हणजे ओआरएम), डेटाबेस पोस्टग्रेस १५. ऍप महापेच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर आणि डेटाबेस क्लाउडवर. दोघांमधल्या एका फेरीला साधारण ८ मिलिसेकंद लागतात.

रचना अशी: `पट्टी` (शेतकऱ्याचा माल विकून आडत्या देतो तो हिशेबाचा कागद) हा मुख्य क्लास. तिला एक `शेतकरी`, एक `गाडी`, एक `भरणा` (पैसे दिल्याची नोंद), `ओळी`ची लिस्ट (गोळा, मीडियम, गोल्टी या कांद्याच्या प्रतवाऱ्या, प्रत्येकाच्या गोण्या, वजन, दर, खरेदीदार) आणि `खर्च`ची लिस्ट (हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं, उचल). सरासरी पट्टीला १२ ओळी आणि ६ खर्च.

अडचणी चार:

१) ५० पट्ट्यांची यादी उघडायला साडेतीन सेकंद. लॉगमध्ये कधी २५१ क्वेऱ्या (डेटाबेसला केलेल्या विचारणा), कधी २३८. दोन्ही लिस्टना जॉइन फेच (जोडलेला डेटा त्याच क्वेरीत आणणं) लावलं तर मल्टिपल बॅग फेच एक्सेप्शन. लिस्टचे सेट केले, एक्सेप्शन गेलं, पण टेस्ट सर्व्हरची मेमरीच संपली.

२) `पक्षकार` हा पालक क्लास आणि त्याखाली `शेतकरी`, `खरेदीदार`, `वाहतूकदार`. आता एक शेतकरी दुसऱ्याचा मालही विकत घेतो. तोच माणूस दोन्ही क्लासमध्ये कसा बसवायचा?

३) पट्टीतला एक खर्च काढला तर लॉगमध्ये सगळे खर्च डिलीट होऊन परत इन्सर्ट होताना दिसतात.

४) पहाटे आवक जोरात असताना पट्ट्या सेव्ह व्हायला वेळ लागतो.

टेबलं मोडायची की क्लास, हेच कळेनासं झालंय.

---

ट्रान्सहार्बर (ऐरोली)

पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो, बाकीचे जाणकार आहेतच.

२५१ ची फोड करा: यादीची १, अधिक प्रत्येक पट्टीमागे ५. शेतकरी, गाडी, भरणा, ओळी, खर्च. कधी २३८ येतात कारण एकाच शेतकऱ्याच्या दोन पट्ट्या पानावर असल्या की दुसऱ्यांदा तो सेशनमधूनच (हायबरनेटने मेमरीत धरून ठेवलेल्या ऑब्जेक्टमधून) मिळतो. २५१ गुणिले ८ म्हणजे २००८ मिलिसेकंद. म्हणजे साडेतीनपैकी दोन सेकंद नुसती वायरवरची ये-जा आहे. डेटाबेसला दोष देऊ नका, तो बिचारा बसून आहे. जमलं तर ऍप आणि डेटाबेस एकाच डेटा सेंटरमध्ये आणा. पण फेऱ्या कमी करायच्या आहेतच.

या पाचांची कारणं मात्र एकसारखी नाहीत.

शेतकरी आणि गाडी: मेनी-टू-वन (अनेक पट्ट्या, एक शेतकरी) मुळात ईगर, म्हणजे लगेच आणलं जाणारं असतं. जेपीएचा (जावातलं ओआरएमचं मानक) डिफॉल्टच तसा. फाइंडने एकच पट्टी आणली तर हायबरनेट जॉइन करतो. पण तुम्ही स्वतः जेपीक्यूएल (जेपीएच्या भाषेतली क्वेरी) लिहिली की ती आहे तशी चालवतो आणि ईगर राहिलेल्यांसाठी मागाहून एकेक सिलेक्ट मारतो. सगळीकडे फेच टाइप लेझी (लागेल तेव्हाच आणणारा) लिहा, अपवाद ठेवू नका.

भरणा: इथे लेझी लिहूनही फरक पडणार नाही. फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या रोकडे बोट दाखवणारा कॉलम) `भरणा` टेबलात आहे, `पट्टी`च्या टेबलात तिचा मागमूस नाही. पट्टी वाचताना हायबरनेटला ठरवावं लागतं की या फील्डमध्ये नल (रिकामं) ठेवू की प्रॉक्सी (खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी तात्पुरता उभा केलेला). आणि भरणा झालाय की नाही हे विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून विचारतोच. बाइटकोड एनहान्समेंट (कंपाइल झालेल्या क्लासमध्ये हायबरनेटने आपलं कोड घालणं) हा एक मार्ग आहे, पण सोपा उपाय म्हणजे पट्टीतून `भरणा` फील्ड काढून टाका. भरण्याकडून पट्टीकडे बाण ठेवा, मॅप्स-आयडी लावून दोघांची प्रायमरी की एकच करा. पट्टीचा आयडी हातात असला की भरणा थेट मिळतो.

ओळी आणि खर्च: लेझी आहेत, पण बेरीज दाखवायला लूपमध्ये हात लावलात की एकेक क्वेरी जाते.

आता जॉइन फेचचं. दोन लिस्ट एकदम जोडल्या की १२ ओळी गुणिले ६ खर्च, एका पट्टीच्या ७२ रो. ५० पट्ट्यांच्या ३६००. खरा माल फक्त ५० गुणिले १८, म्हणजे ९०० रोंचा. लिस्टमध्ये डुप्लिकेट ओळखता येत नाहीत म्हणून हायबरनेट एक्सेप्शन देऊन थांबतो. सेट केल्यावर तो गप्प बसतो, ३६०० रो मात्र तितक्याच येतात. तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद केलं, गळती चालूच.

मेमरी संपली ती वेगळ्या कारणाने. लिस्टला जॉइन फेच आणि वर पानाची मर्यादा लावली की हायबरनेट लिमिट एसक्यूएलमध्ये घालूच शकत नाही, कारण ५० रो म्हणजे ५० पट्ट्या नव्हेत. तो हंगामातल्या सगळ्या पट्ट्या आणतो आणि ५० मेमरीत मोजतो. लॉगमध्ये 'अप्लाइंग इन मेमरी' असा इशारा असतो, तो कोणी वाचत नाही. `फेल ऑन पेजिनेशन ओव्हर कलेक्शन फेच` हे सेटिंग ट्रू करा, म्हणजे इशाऱ्याऐवजी एक्सेप्शन येईल आणि डेव्हलपरच्या मशिनवरच कळेल.

बरोबर पद्धत, तीन क्वेऱ्या, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये:

पहिली फक्त आयडी आणते: तारखेच्या आणि आयडीच्या उतरत्या क्रमाने, लिमिट ५०. दुसरी त्या ५० आयडींच्या पट्ट्या, शेतकरी, गाडी आणि ओळी जॉइन फेचने. तिसरी त्याच पट्ट्या, खर्च जॉइन फेचने. सेशन तोच असल्याने तिसऱ्या क्वेरीचे खर्च दुसरीतल्याच ऑब्जेक्टना जाऊन चिकटतात. क्रम मात्र दुसऱ्या क्वेरीत परत लिहा. 'इन'मध्ये आयडी ज्या क्रमाने दिले त्याच क्रमाने रो येतील असं टेबल कधीच वचन देत नाही.

आळस असेल तर `डिफॉल्ट बॅच फेच साइज` ५० ठेवा. मग एकेक न मागता ५०-५० चा गठ्ठा मागवला जातो; वरचं `भरणा` फील्ड काढलेलं असेल तर २५१ च्या जागी पाच-सहा क्वेऱ्या. एवढ्याशा बदलात मिळणारा एवढा फायदा दुसरा नाही.

शेवटचं, `ओपन-इन-व्ह्यू` (पान तयार होईपर्यंत सेशन उघडा ठेवणारं सेटिंग) फॉल्स करा. स्प्रिंग बूटमध्ये तो मुळात ट्रू असतो आणि टेम्प्लेटमधूनही चोरून क्वेऱ्या जात राहतात. बंद केल्यावर लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन धडाधड येतील. घाबरू नका, प्रत्येक एक्सेप्शन म्हणजे एक लपलेली क्वेरी सापडली.

---

कोपरी_पूल (ठाणे पूर्व)

दुसरा प्रश्न. इथे टेबल बरोबर आहे, क्लास चुकलाय.

शेतकरी असणं हा माणसाचा प्रकार नाही, त्या व्यवहारातली भूमिका आहे. जावात ऑब्जेक्टचा क्लास जन्मापासून मरेपर्यंत एकच. आज `शेतकरी` म्हणून सेव्ह झालेली रो उद्या `खरेदीदार` करायची तर हायबरनेटमध्ये सरळ रस्ता नाही, डिस्क्रिमिनेटर (रो कुठल्या क्लासची ते सांगणारा) कॉलम एसक्यूएलने बदलावा लागतो. आणि एकाच वेळी दोन्ही तर नाहीच. मग लोक त्याच माणसाच्या दोन नोंदी करतात आणि त्याची उचल एका खात्यात, येणं दुसऱ्या खात्यात पडतं. आडत्याच्या खतावणीत माणसाचं पान एकच असतं, तसंच ठेवा.

तर: `पक्षकार` एकच क्लास, एकच टेबल. नाव, गाव, मोबाइल, बँक खातं. `पक्षकार_भूमिका` हे दुसरं टेबल: पक्षकार आयडी, भूमिका, कधीपासून. प्रायमरी की पहिल्या दोन कॉलमची. शेतकऱ्यालाच लागणारी माहिती, उदाहरणार्थ सातबाऱ्याचा गट नंबर, `शेतकरी_तपशील`मध्ये, त्याची प्रायमरी की म्हणजेच पक्षकार आयडी. पट्टीवर `शेतकरी_आयडी` आणि ओळीवर `खरेदीदार_आयडी`, दोन्ही `पक्षकार`कडे जाणाऱ्या फॉरेन की.

वारसा जिथे खरोखर आहे तिथे वापरा. तुमच्याकडे ती जागा खर्चाची: हमाली गोणीमागे, तोलाई वजनावर, गाडीभाडं ठोक. हिशेबाची रीत वेगळी आणि हमालीचं उद्या गाडीभाडं होत नाही. यासाठी सिंगल टेबल पद्धत (सगळे क्लास एकाच टेबलात) घ्या. जॉइन लागत नाही. तोटा एकच की लेकरांच्या क्लासचे कॉलम नल चालतील असे ठेवावे लागतात. ती भोकं चेक कन्स्ट्रेंटने बुजवा: प्रकार हमाली असेल तर गोणी-दर नल नको, तोलाई असेल तर वजन-दर नल नको. जावातल्या व्हॅलिडेशनवर विसंबू नका, महिनाअखेरीला कोणीतरी थेट डेटाबेसमध्ये आकडे दुरुस्त करतोच.

टेबल-पर-क्लासच्या (प्रत्येक क्लासला वेगळं टेबल) वाटेला जाऊ नका. पालक क्लासवर क्वेरी केली की सगळ्या टेबलांचं युनियन होतं, आणि 'कुठलाही खर्च' अशी फॉरेन की देताच येत नाही.

---

गोल्टी_भाव (वाशी)

दोघांचेही आभार. बॅच फेच साइज लावून पान ६०० मिलिसेकंदांवर आलं. पण यादीत एवढ्या ऑब्जेक्टची गरजच नाही असं वाटून मी थेट एसक्यूएल लिहिली: पट्टीला ओळी जोडल्या, खर्च जोडले, ग्रुप बाय पट्टी, दोन बेरजा. वेग झकास, आकडे भलतेच. एका पट्टीचा माल १८,४०० रुपयांचा, यादीत १,१०,४०० दिसतोय. हमाली २४० ची २,८८०.

---

मापाडी_०७ (तुर्भे)

१,१०,४०० भागिले १८,४०० किती? ६. खर्च किती? ६. आणि २,८८० भागिले २४० म्हणजे १२, तुमच्या ओळी. वरती ट्रान्सहार्बरने सांगितलेल्या ७२ रो त्याच, फक्त आता त्यांची बेरीज झाली. `डिस्टिंक्ट` (सारखे आकडे एकदाच धरणारा शब्द) घालून बघायचा मोह होईल, घालू नका. दोन ओळींची रक्कम योगायोगाने सारखी निघाली की त्यातली एक गळेल आणि ती चूक महिनाभर दिसणार नाही.

आधी बेरीज, मग जॉइन. साधारण असं (कीवर्डही देवनागरीत लिहितोय, टाइप करताना बदलून घ्या):

सिलेक्ट प.क्रमांक, प.तारीख, श.नाव, ओ.माल, कोअलेस(ख.खर्च, ०)
फ्रॉम पट्टी प
जॉइन पक्षकार श ऑन श.आयडी = प.शेतकरी_आयडी
जॉइन (सिलेक्ट पट्टी_आयडी, सम(रक्कम) माल फ्रॉम ओळ ग्रुप बाय पट्टी_आयडी) ओ ऑन ओ.पट्टी_आयडी = प.आयडी
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट पट्टी_आयडी, सम(रक्कम) खर्च फ्रॉम खर्च ग्रुप बाय पट्टी_आयडी) ख ऑन ख.पट्टी_आयडी = प.आयडी

खर्चाला लेफ्ट जॉइन (जोडीची रो नसली तरी पट्टी ठेवणारा) आणि कोअलेस (नलच्या जागी ०) का, तर खर्च नसलेली पट्टी यादीतून गायब होऊ नये. आतल्या दोन्ही सबक्वेरींत तारखेची अट पोचत नाही, त्यामुळे डेटा वाढला की त्या पूर्ण टेबल चाळतील. तेव्हा लॅटरल जॉइनकडे (बाहेरच्या प्रत्येक रोसाठी चालणारी सबक्वेरी) वळा आणि आधी ५० पट्ट्या निवडून मगच त्यांच्या बेरजा करा. आणि `ओळ.पट्टी_आयडी`, `खर्च.पट्टी_आयडी` यांवर इंडेक्स आहेत ना? पोस्टग्रेस फॉरेन कीवर आपणहून इंडेक्स करत नाही. मायएसक्यूएलमधून आलेले इथे हमखास फसतात.

निकाल जावाच्या साध्या रेकॉर्डमध्ये घ्या. त्याला एन्टिटी (टेबलाशी बांधलेला क्लास) करू नका, कारण तो कुठे सेव्ह व्हायचा नाही.

माझं मत विचाराल तर हायबरनेट सोडाच. जूक किंवा साधं जेडीबीसी (जावातून थेट एसक्यूएल चालवायचे मार्ग) घ्या. टेबल हेच सत्य, ऑब्जेक्ट हा तात्पुरता कागद.

---

कोपरी_पूल (ठाणे पूर्व)

यादी, रिपोर्ट, खतावणी यांच्यासाठी मापाडींचं शंभर टक्के मान्य. वाचायच्या कामात ऑब्जेक्टची फौज उभी करायची गरज नाही.

पण पट्टी दुरुस्त करण्याचा स्क्रीन घ्या. मुनीम तीन ओळींचे दर बदलतो, एक खर्च काढतो, दोन घालतो. नेमकं काय बदललं ते शोधून योग्य क्रमाने अपडेट, डिलीट, इन्सर्ट करणारं कोड हाताने लिहायला बसलात की महिन्याभरात अर्धामुर्धा हायबरनेटच तयार होतो, बगसकट. एक पट्टी तिच्या ओळी-खर्चांसकट उचलायची, बदलायची, ठेवायची. तेवढ्याला ओआरएम ठेवा. पट्टीच्या बाहेरचं मात्र नुसत्या आयडीने जोडा. `पक्षकार`मध्ये `पट्ट्या`ची लिस्ट ठेवलीत तर एका बेसावध लूपने दहा वर्षांचा हिशेब मेमरीत येईल.

---

ट्रान्सहार्बर (ऐरोली)

तिसरा आणि चौथा प्रश्न राहिला की.

खर्च सगळे डिलीट होतात कारण तुमचं वन-टू-मेनी (एक पट्टी, अनेक खर्च) एकेरी असणार आणि जॉइन कॉलमही दिलेला नसणार. डेटाबेसमध्ये बघा, `पट्टी_खर्च` नावाचं तिसरंच टेबल तयार झालेलं सापडेल. लिस्टमधून एक काढलं की हायबरनेट त्या टेबलातल्या त्या पट्टीच्या सगळ्या रो पुसतो आणि उरलेल्या परत लिहितो, कारण क्रम नसलेल्या लिस्टमधली कुठली रो कुठली हे त्याला ओळखता येत नाही. उपाय: `खर्च`मध्ये लेझी मेनी-टू-वन `पट्टी`, आणि पट्टीच्या बाजूला मॅप्ड-बाय (फॉरेन की समोरच्याकडे), कॅस्केड ऑल (पट्टीबरोबर खर्चही सेव्ह-डिलीट), ऑर्फन रिमूव्हल ट्रू (लिस्टमधून काढलेला खर्च डिलीट). घालायला-काढायला पट्टीतच दोन मेथड ठेवा, दोन्ही बाजू एकदम बदलणाऱ्या. आणि सेटरने अख्खी नवी लिस्ट कोंबू नका, ऑर्फन रिमूव्हल असताना हायबरनेट त्यावर एक्सेप्शन देतो.

सेव्ह हळू: आयडीची पद्धत आयडेंटिटी (इन्सर्ट होताना डेटाबेसच आयडी देतो ती) आहे का? असेल तर इन्सर्टचं बॅचिंग (अनेक रो एका फेरीत पाठवणं) बंद, सेटिंग काहीही लिहा. आयडी इन्सर्ट झाल्यावरच कळतो, म्हणून प्रत्येक रो एकेकटी जाते. १ पट्टी, १२ ओळी, ६ खर्च म्हणजे १९ फेऱ्या, तुमच्या ८ मिलिसेकंदांनी १५२. सीक्वेन्स (डेटाबेसमधला नंबर देणारा काउंटर) घ्या, अलोकेशन साइज ५०, आणि डेटाबेसमधल्या सीक्वेन्सचा इन्क्रिमेंटही ५० च. हे दोन आकडे जुळले नाहीत तर ऍप सुरू होतानाच अडेल, किंवा जुन्या आवृत्तीत डुप्लिकेट की येतील. मग जेडीबीसी बॅच साइज ३०, ऑर्डर इन्सर्ट्स ट्रू, कनेक्शन यूआरएलमध्ये रीराइट-बॅच्ड-इन्सर्ट्स ट्रू.

इथे एक खबरदारी. सीक्वेन्समध्ये नंबर गळतात. रोलबॅक झाला, सर्व्हर रीस्टार्ट झाला की गेले. त्यामुळे आयडी हाच पट्टी क्रमांक म्हणून छापू नका, ऑडिटर मधला नंबर कुठे गेला म्हणून विचारतो. `क्रमांक_मोजणी` असं टेबल करा, प्रत्येक गाळा आणि आर्थिक वर्ष यांना एक रो. पट्टी सेव्ह करण्याच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती रो अपडेट करून रिटर्निंगने नवा आकडा घ्या. रोलबॅक झाला तर आकडाही मागे जातो. त्या रोवर लॉक बसतो, म्हणून ही अपडेट ट्रान्झॅक्शनच्या शेवटी करा, सुरुवातीला नको.

---

मापाडी_०७ (तुर्भे)

सेट केलेत ना? मग `इक्वल्स` (दोन ऑब्जेक्ट सारखे का ते ठरवणारी मेथड) बघा. नव्या दोन खर्चांचे आयडी दोन्हीकडे नल. इक्वल्स फक्त आयडी ताडत असेल तर नल आणि नल सारखे ठरतात, आणि हमालीनंतर घातलेली तोलाई सेट गपचूप गिळतो. लोम्बॉक (ठराविक मेथड आपोआप लिहिणारी लायब्ररी) हिचा `डेटा` लावला असेल तर आणखी मजा: हॅशकोड पट्टीला विचारतो, पट्टी खर्चांना, खर्च परत पट्टीला, स्टॅक ओव्हरफ्लो. आयडी नल असेल तर ऑब्जेक्ट स्वतःशिवाय कोणासारखा नाही, आणि हॅशकोड कायम एकच ठराविक आकडा. हळू वाटेल, पण १२ ओळींच्या सेटला काही फरक पडत नाही. किंवा मॅप्ड-बाय केल्यावर परत लिस्टच करा, मी तेच करीन.

आणि रक्कम बिगडेसिमलमध्ये असेल तर लक्षात ठेवा, इक्वल्सला २४० आणि २४०.०० वेगळे. कम्पेअर-टू वापरा.

---

गोल्टी_भाव (वाशी)

तिसरं टेबल सापडलं! `पट्टी_खर्च`, कोणीच बनवलेलं नव्हतं. `डीडीएल-ऑटो` (हायबरनेटने टेबलं आपोआप बनवायची का ते ठरवणारं सेटिंग) अपडेटवर होतं, आता व्हॅलिडेट (नुसतं ताडणं) केलं आणि टेबलांतले बदल फ्लायवे या साधनाने.

दोन शंका उरल्या. एक, `व्हर्जन` कॉलम (रो बदलली की वाढतो, त्यावरून दोघांची टक्कर कळते) आहे, तरी दोन मुनिमांनी एकाच पट्टीत एकाच वेळी वाराई घातली आणि दोन्ही सेव्ह झाल्या. लॉक लागायला हवा होता ना? दोन, 'कऱ्हाड' शोधलं तर काही शेतकरी सापडतात, काही नाहीत. स्पेलिंग डोळ्यांना तंतोतंत सारखं.

---

कोपरी_पूल (ठाणे पूर्व)

पहिलं: मॅप्ड-बाय असलेल्या लिस्टमध्ये भर पडली तर पट्टीच्या रोमध्ये काहीच बदलत नाही, फॉरेन की खर्चाकडे आहे. म्हणून पट्टीचं व्हर्जन वाढत नाही आणि दोघांची टक्कर होतच नाही. ऑब्जेक्टच्या नजरेतून पट्टी बदलली, टेबलाच्या नजरेतून नाही. दुरुस्तीसाठी पट्टी उचलताना लॉक मोड `ऑप्टिमिस्टिक फोर्स इन्क्रिमेंट` द्या. मुनिमाने स्क्रीन उघडला तेव्हाचं व्हर्जन फॉर्मबरोबर परत मागवून ताडायला विसरू नका, नाहीतर सेव्हच्या क्षणी ताजी पट्टी वाचली जाते आणि ताडण्याला अर्थ राहत नाही. दुसऱ्याला 'पट्टी आत्ताच बदलली आहे, परत उघडा' असा निरोप दाखवा.

दुसरं: 'ऱ' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक अख्खं अक्षर, युनिकोड ०९३१. दुसरा म्हणजे साधा र आणि त्यापुढे नुक्ता, ०९३० आणि ०९३सी. दिसायला एक, जावाच्या इक्वल्सला दोन, पोस्टग्रेसच्या युनिक इंडेक्सलाही दोन. कीबोर्डनुसार कुठलाही येतो. आत येतानाच जावाच्या नॉर्मलायझरने एनएफसी (युनिकोडचं ठरलेलं एकच रूप) करून घ्या, मग या दोन्ही तऱ्हांच्या जागी ०९३१ राहील. शोधाचा शब्दही त्याच चाळणीतून. जुन्या रोंसाठी पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइज फंक्शन आहे, एक अपडेट मारली की झालं. मात्र त्याआधी नॉर्मलाइज केलेल्या नाव, गाव आणि मोबाइलवर ग्रुप बाय करून डुप्लिकेट बघा. एकाच माणसाची दोन खाती निघाली तर आधी पट्ट्या आणि उचल एका आयडीवर वळवा, मगच अपडेट चालवा, नाहीतर युनिक इंडेक्स मध्येच अडवेल.